आधी सेन्सरची परीक्षा, मग जेटला हात: कार्टवर डेटा गेज बसवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. शर्यतीच्या गो-कार्टवर १२५ सीसीचं, पाण्याने थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन. त्यावर जुनं विकत घेतलेलं डेटा गेज, म्हणजे सेन्सरचे आकडे दाखवणारा आणि नोंदवणारा छोटा पडदा, आणि सोबतच्या पिशवीत आरपीएमची (इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांची) वायर, पाण्याचा सेन्सर, स्पार्क प्लगखाली बसणारी रिंग आणि एक्झॉस्टचं तापमान मोजणारी प्रोब. सगळं एका दुपारी जोडून झालं. आता स्ट्रेटवर मध्येच आरपीएमचा आकडा २२,००० वर उडी मारतो, आणि इंजिन तापत जातं तसं प्लगखालचं तापमान उतरत जातं. गेज बिघडलंय का? की हवा-पेट्रोलचं मिश्रण चुकतंय म्हणून जेट (कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल जाईल ते ठरवणारा भोकाचा तुकडा) बदलायचा?

जेटला हात लावू नका. गेजही बहुधा धडधाकट आहे. आरपीएमच्या उड्या म्हणजे हाय टेन्शन वायरचा (स्पार्क प्लगला वीज नेणाऱ्या वायरचा) गोंगाट, आणि उलटं चालणारं तापमान म्हणजे थर्मोकपलच्या, म्हणजे प्लगखालच्या त्या तापमान मोजणाऱ्या रिंगच्या, दोन वायरींची अदलाबदल. जुन्या मालकाने ती वायर कधीतरी तोडून पुन्हा जोडली असणार. दोन्ही गोष्टी अर्ध्या तासात सुटतील. पण त्या सुटल्या म्हणजे बाकीचे आकडे खरे झाले, असं धरून चालू नका. मी एकदा तसं धरलं होतं आणि त्यात एक पिस्टन गेला. ते पुढे सांगतो.

आधी आरपीएम. गेज मायक्रॉन असो, अल्फानो असो वा युनिप्रो, कार्टवर आरपीएम घेण्याची नेहमीची पद्धत एकच: एक साधी इन्सुलेटेड वायर प्लगच्या हाय टेन्शन वायरला लगटून बांधायची. विजेची जोडणी कुठेच नसते. ठिणगीच्या वेळी त्या वायरीत काही हजार व्होल्टचा झटका येतो, त्याची सावली शेजारच्या वायरीत पडते आणि गेज त्या सावल्या मोजतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक ठिणगी, म्हणजे १४,००० आरपीएमला सेकंदाला सुमारे २३३. सेटिंगमध्ये ‘एका फेरीला एक पल्स’ असायला हवं. फोर-स्ट्रोकवाल्यांनी इथे जपून राहावं. पॉवर स्ट्रोक दोन फेऱ्यांतून एकदाच येतो हे खरं, पण साध्या मॅग्नेटोच्या पुष्कळ इंजिनांत ठिणगी दर फेरीला पडते, त्यातली एक वाया जाते. तिथेही सेटिंग एकच राहतं. आकडा कायम दुप्पट किंवा कायम निम्मा दिसत असेल तर दोष या सेटिंगचा. तुमचा आकडा मधूनच उडतो, म्हणजे सेटिंग बरोबर आहे आणि सिग्नल गढूळ आहे.

तुम्ही ती वायर हाय टेन्शन वायरीभोवती वेलीसारखी गुंडाळली असेल, अशी माझी अटकळ आहे. नवखे सगळेच तसं करतात, कारण जास्त वेढे म्हणजे पक्का सिग्नल असं वाटतं. प्रत्यक्षात सिग्नल इतका तगडा होतो की मुख्य ठिणगीमागून येणारी थरथरसुद्धा गेज ठिणगी म्हणून मोजतं. वेढे सोडा. वायरचं टोक हाय टेन्शन वायरीला समांतर ठेवून पाच-सहा सेंटीमीटर लांबीत दोन झिप टायने बांधा, टाय फार आवळू नका. मग आकडा मध्येच शून्यावर पडायला लागला तर सिग्नल अशक्त आहे, तेव्हा एक वेढा द्या, फार तर दोन. उड्या मारल्या तर वेढे कमी करायचे, शून्यावर पडला तर वाढवायचे. टोक कापलं असेल आणि आतली तार उघडी दिसत असेल तर ते हीट श्रिंकने (तापवल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिकच्या नळीने) बंद करा, नाहीतर एखाद्या दिवशी ठिणगी प्लगऐवजी गेजात शिरेल.

एवढं करूनही उड्या थांबल्या नाहीत तर प्लग कॅप तपासा. कॅपमध्ये रेझिस्टर असतो, बहुधा ५ किलोओमचा, आणि त्याचं मुख्य काम हा गोंगाट दाबणं हेच. मल्टिमीटर लावून पाहा. ओपन दाखवलं किंवा आकडा भलताच आला तर कॅप बदला. कॅप वायरीवर सैल बसली असेल तर आतल्या आत ठिणग्या उडत राहतात आणि गेज वेडंपिसं होतं. अशा वेळी वायरचं टोक सेंटीमीटरभर छाटून कॅप पुन्हा नीट पिळून बसवायची. विनारेझिस्टरचा प्लग आणि विनारेझिस्टरची कॅप ही जोडी एकत्र आली तर कुठलंच गेज शांत बसत नाही. प्लग आणि कॅप शर्यतीच्या काही वर्गांत नियमाने ठरलेले असतात, म्हणून बदलण्याआधी नियमपुस्तक उघडा.

आरपीएम खरा आहे का हे पडताळायला माझी एक जुनी खूण आहे. समजा पुढचं स्प्रॉकेट ११ दात्यांचं, मागचं ८२ चं आणि मागच्या टायरचा घेर ०.८६ मीटर. १४,००० आरपीएमला मागचा अ‍ॅक्सल मिनिटाला सुमारे १,८७८ फेऱ्या मारेल, म्हणजे वेग ताशी सुमारे ९७ किलोमीटर. स्ट्रेटच्या शेवटी जीपीएसचा वेग याच्या आसपास असला की दोन्ही आकडे एकमेकांचे साक्षीदार. टायर वेगात थोडा फुगतो, थोडा घसरतोही, त्यामुळे दोन-चार टक्के इकडेतिकडे चालतं. घेर मात्र पुस्तकातून घेऊ नका. टायरवर खडूची खूण करा, कार्टवर बसा आणि एक फेरी ढकलून जमिनीवर मोजा.

आता तापमान, आणि इथे जरा थांबतो, कारण खरी फसवणूक इथेच होते.

प्लगखालची रिंग म्हणजे के-टाइप थर्मोकपल: क्रोमेल आणि अल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारा टोकाला एकत्र जोडलेल्या. गरम टोक आणि गेजपाशी असलेलं थंड टोक यांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढा बारीकसा व्होल्टेज तयार होतो, एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. गेज स्वतःचं तापमान आतल्या आत मोजतं आणि हा फरक त्यात मिळवून आकडा दाखवतं. हे ध्यानात आलं की तुमचं कोडं आपोआप उलगडतं. वायरी उलट जोडल्या तर फरक मिळवण्याऐवजी वजा होतो. गेज ३० अंशांवर आणि प्लग १५० वर असेल तर पडद्यावर १५० ऐवजी उणे ९० यायला हवेत. काही गेज उणे दाखवतच नाहीत, शून्यावर किंवा रेघांवर अडून राहतात.

कोणती वायर कोणती हे रंगावरून ओळखताना चकवा आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत के-टाइपची हिरवी वायर प्लस आणि पांढरी मायनस. अमेरिकी पद्धतीत पिवळी प्लस आणि लाल मायनस. लाल म्हणजे प्लस ही सवय आपल्या हाडीमासी खिळलेली, आणि तीच इथे घात करते. रंग उडालेला असेल किंवा शंका असेल तर साधा लोहचुंबक घ्या. जी तार चुंबकाला चिकटते ती अल्युमेल, म्हणजे मायनस. क्रोमेल चिकटत नाही. ही परीक्षा तार थंड असताना करायची, कारण तापल्यावर अल्युमेलही चुंबकाला ओळख देत नाही.

आता माझा पिस्टन. माझ्या कार्टवरच्या अशाच रिंगची वायर एकदा चेनमध्ये अडकून तुटली. दुसऱ्या दिवशी शर्यत, हाताशी दुसरी रिंग नाही. मी साधी तांब्याची वायर घेतली, मध्ये सोल्डर केली, टेप गुंडाळला आणि कार्ट उभी असताना पाहिलं, तर आकडा हवेच्या तापमानाशी अगदी जुळणारा. गरम पाण्यात रिंग बुडवली तरी बरोबर. झालं काम, असं वाटलं. ट्रॅकवर मात्र प्रत्येक सत्रात तापमान नेहमीपेक्षा चाळीसेक अंशांनी कमी दिसायला लागलं. इंजिन थंड चालतंय, मिश्रण पेट्रोलने भारी आहे, असा अर्थ लावून मी मेन जेट दोन नंबर बारीक केला, म्हणजे पेट्रोल कमी केलं. पाचव्या लॅपला इंजिन जाम.

कारण काय? जिथे के-टाइप तार संपून तांबं सुरू झालं, तो सांधा हेच नवं थंड टोक बनलं. गेजला वाटत होतं की थंड टोक माझ्यापाशी आहे, ३५ अंशांवर. प्रत्यक्षात सांधा सिलिंडरजवळ पडून राहून ७५-८० अंशांपर्यंत तापत होता. जेवढा सांधा गेजपेक्षा गरम, तेवढा आकडा खोटा कमी. घरी मी दोन्ही परीक्षा केल्या तेव्हा सांधा आणि गेज एकाच तापमानाला होते, म्हणून दोन्हींत तो पास झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. दोष वायरीचा होता आणि शिक्षा कार्ब्युरेटरला, मग पिस्टनला.

तेव्हापासून माझ्याकडे कुठलाही थर्मोकपल तीन परीक्षा दिल्याशिवाय इंजिनावर चढत नाही. पहिली: रात्रभर थंड पडलेल्या कार्टवर गेज चालू करायचं. सगळे तापमानाचे आकडे हवेइतके आणि एकमेकांशी दोन-तीन अंशांच्या आत हवेत. उलट्या वायरी या परीक्षेत सापडत नाहीत, कारण फरकच शून्य असतो. दुसरी: उकळत्या पाण्यात टोक बुडवायचं. समुद्रसपाटीला १०० अंश, आणि उंचीवर दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. वायरी उलट असतील तर इथे लगेच कळतं. तिसरी परीक्षा फारसं कोणी घेत नाही: टोक पाण्यातच ठेवून केस वाळवायच्या ड्रायरने वायर, कनेक्टर आणि सांधे एकेक करून तापवायचे. पडद्यावरचा आकडा हलता कामा नये. हलला तर मध्ये कुठेतरी चुकीची धातू आहे. एक्स्टेन्शन हवंच असेल तर के-टाइपचंच घ्या आणि त्याची दोन्ही टोकं सुलट जोडा. एक्स्टेन्शन दोन्ही टोकांना उलटं लागलं तर दोन चुका एकमेकींना झाकतात, आकडा वरकरणी सरळ चालतो आणि दोन्ही सांध्यांच्या तापमानात जेवढा फरक त्याच्या दुप्पट चुकतो.

रिंग बसवताना वॉशरचा प्रश्न येतो. प्लगचा स्वतःचा वॉशर ठेवून त्याखाली रिंग घातली तर प्लग वर उचलला जातो. १४ मिलिमीटरचा प्लग एक मिलिमीटर वर आला तर दहनकक्षात सुमारे ०.१५ सीसी जागा वाढते. ऐकायला किरकोळ, पण एवढ्याशा कक्षात कॉम्प्रेशनवर परिणाम होतोच, शिवाय सिलिंडर हेडचे आटे कक्षात उघडे पडून त्यांवर कार्बन साचतो. वॉशर काढून रिंगच त्याच्या जागी बसवणं ही प्रचलित रीत. पण रिंग मूळ वॉशरपेक्षा पातळ असेल तर प्लग आत जास्त घुसेल, म्हणून दोन्हींची जाडी मोजा. काही वर्गांत वॉशर काढायला मनाईच असते. प्लग आवळताना रिंगची शेपटी सोबत फिरू देऊ नका, दुसऱ्या हाताने धरून ठेवा. रिंग मरते ती बहुतेक वेळा या शेपटीच्या मुळाशीच. आणि जोर हाताच्या अंदाजाने लावू नका, इंजिनच्या पुस्तकातल्या टॉर्कने लावा.

खरं सांगायचं तर पाण्याने थंड होणाऱ्या तुमच्या इंजिनाला प्लगखालची रिंग अत्यावश्यक नाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला तीच मुख्य, तुमच्यासाठी पाण्याचा सेन्सर मुख्य. तो हेडमध्ये त्याच्यासाठी आटे दिलेले असतील तर तिथे बसवा, नाहीतर हेडमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या होजमध्ये अ‍ॅडॉप्टर टाकून. रेडिएटरमधून परत येणाऱ्या होजमध्ये बसवलात तर थंड झालेलं पाणी मोजाल आणि इंजिन खुशाल आहे अशा भ्रमात राहाल. टोक वाहत्या पाण्यात पोचायला हवं, अ‍ॅडॉप्टरच्या खोबणीत लपलेलं नको. सेन्सरला एकच वायर असेल तर त्याचं अर्थिंग बॉडीतून होतं. अशा सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवले की आकडा भरकटतो. त्यापेक्षा तळाशी तांब्याचा वॉशर बरा.

पाणी भरल्यावर हवा काढायला विसरू नका. रेडिएटरचं झाकण सगळ्यात उंच राहील अशी कार्ट कलती करा, होज दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. सेन्सरपाशी हवेचा फुगा अडकला तर आकडा पायऱ्यापायऱ्यांनी चढतो-उतरतो. पाणी कधी तसं वागत नाही, त्याची रेघ गुळगुळीत असते. आकडा किती हवा? या जातीची बरीच इंजिनं ५० ते ६० अंशांच्या पट्ट्यात खुलतात, पण तुमच्या इंजिनच्या पुस्तकात जे लिहिलंय ते प्रमाण. रेडिएटरवर पडदा किंवा टेप लावून तो आकडा सत्रभर एका जागी धरता आला की तुमच्या जेटच्या प्रयोगांना अर्थ येतो. त्याआधी केलेला प्रत्येक प्रयोग दोन गोष्टी एकदम बदलणारा असतो.

एक्झॉस्टची प्रोब तूर्त डब्यातच राहू द्या. तिच्यासाठी हेडरला (एक्झॉस्टच्या सुरुवातीच्या पाइपला) भोक पाडून आट्यांचा बुश वेल्ड करावा लागतो, आणि ते तुमच्या वर्गात चालतं का हे आधी पाहावं लागतं. पुढे कधी बसवलीत तर पिस्टनपासून साधारण १५ सेंटीमीटरवर, टोक पाइपच्या मध्यावर, आणि ती जागा वहीत लिहून ठेवा. दोन सेंटीमीटर सरकली तरी आकडे बदलतात आणि जुनी नोंद रद्दीत जाते. या प्रोबचा खरा उपयोग हेडच्या तापमानाशी ताडून पाहण्यात आहे. मिश्रण बारीक होत गेलं, म्हणजे पेट्रोल कमी पडत गेलं, की एक्झॉस्ट तापत जातं. पण एक्झॉस्टचा आकडा अचानक खाली येतोय आणि हेडचा वर चढतोय असं दिसलं, तर ते डेटोनेशनचं, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी कक्षात स्फोटासारखं फुटण्याचं, लक्षण आहे. अ‍ॅक्सेलरेटरवरून पाय काढा आणि पिटमध्ये या.

वायरिंगकडे लोक शेवटी वळतात, पण बहुतेक सेन्सर वायरीमुळेच बाद होतात. गेज स्टिअरिंगवर, इंजिन सीटच्या बाजूला, आणि मध्ये सतत मुरडणारी चासी. पुढची चाकं उचलून स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. केबल कुठेही ताणली जाता कामा नये आणि तिचा लोंबता फास पायांत किंवा पेडलमध्येही येता कामा नये. इथे आळस म्हणजे थेट सुरक्षेशी खेळ. पुढे चासीच्या पाइपवर वरच्या अंगाने बांधत न्या, खालचं अंग कर्बवर घासतं. चेन, ब्रेक डिस्क, अ‍ॅक्सल आणि एक्झॉस्ट यांपासून हातभर लांब. सेन्सरची वायर आधी इंजिनालाच दहा सेंटीमीटरच्या आत बांधा, म्हणजे कंप तिच्या मुळावर येत नाही, आणि मग चासीकडे जाताना मध्ये सैल वळण ठेवा. हे वळण मोठं हवं, कारण चेन ताणताना किंवा स्प्रॉकेट बदलताना इंजिन मागेपुढे सरकतं. माझी ती रिंग चेनमध्ये गेली ती याच कारणाने: स्प्रॉकेट बदललं, इंजिन सरकलं, आखूड वायर ताणून दुसरीकडे बांधली. तापमानाच्या वायरी हाय टेन्शनला समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात. झिप टायची शेपटी अगदी मुळाशी कापा, नाहीतर पुढच्या आठवड्यात तीच तुमचं मनगट ओरबाडेल.

गेजमध्ये जीपीएस असेल तर त्याला मोकळं आकाश लागतं, वर काही झाकू नका. सेकंदाला १० नोंदी करणारं जीपीएस ताशी १०० किलोमीटरला दर २.८ मीटरवर एक बिंदू टिपतं. त्यामुळे ब्रेकचा बिंदू अर्ध्या मीटरच्या फरकाने शोधायचा नाद करू नका. स्टिअरिंगवर बसवलेल्या गेजच्या आतला अ‍ॅक्सेलरोमीटर चाकासोबत फिरतो, तेव्हा बाजूच्या जी-फोर्ससाठी जीपीएसवरून काढलेला आकडाच वापरा. लॅप टाइम ट्रॅकमधल्या चुंबकी पट्टीवरून घेणार असाल तर त्या ट्रॅकवर पट्ट्या किती आहेत ते गेजला सांगा. तीन पट्ट्या असतील आणि गेजला एकच ठाऊक असेल तर प्रत्येक लॅपचे तीन तुकडे वेगळे लॅप म्हणून दिसतील.

आता तुमचा क्रम. आज वेढे सोडून आरपीएमची वायर नीट बांधा आणि कॅप मोजा. थर्मोकपलच्या तारा चुंबकाने ओळखून अदलाबदल करा, मग थंड, उकळतं पाणी आणि ड्रायर या तिन्ही परीक्षा घ्या. मध्ये तांब्याचा सांधा निघाला तर रिंग डागडुजी न करता बदला. पुढच्या वेळी ट्रॅकवर पहिलं सत्र आज जो जेट आहे त्यावरच काढा, पाचसहा लॅप, आणि फक्त तीन आकडे लिहा: स्ट्रेटच्या शेवटचा आरपीएम, सगळ्यात हळू वळणातला किमान आरपीएम आणि पाण्याचं स्थिरावलेलं तापमान. हवेचं तापमान शेजारी नोंदवा. दुसऱ्या सत्रातही काहीच बदलू नका. दोन्ही सत्रांचे आकडे जुळले तर तिसऱ्या सत्राआधी जेटचा डबा उघडायला हरकत नाही.